‘घाबरीसन दूध आटी गयं’: फिरोजपूरहून आलेल्या एका बाळाचं प्रकरण

हे प्रकरण मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान लढाईच्या दिवसांतलं आहे. गाव अमळनेर तालुक्यातलं. नाव देत नाही, आणि घरच्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आशा, सिस्टर, अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू होणारे डॉक्टर यांच्या कामी यावं म्हणून सविस्तर लिहितो आहे.

युद्ध म्हटलं की आपल्याला जखमी माणसं, रक्तपेढी, स्ट्रेचर आठवतं. तापीच्या खोऱ्यात त्यातलं काही आलं नाही. आमच्याकडे आली ती सतरा आठवड्यांची एक मुलगी. सोबत पातळ जुलाब, तळ गाठलेला पावडरचा डबा आणि पंजाबात कुलपात राहिलेलं लसीकरणाचं कार्ड.

पार्श्वभूमी

मुलीचा जन्म १४ जानेवारी २०२५ चा, ऐन संक्रांतीचा. बाळंतपण फिरोजपूर छावणीत लष्करी दवाखान्यात झालं, वजन २.८ किलो, दोघी सुखरूप. वडील फौजेत शिपाई. आई तेवीस वर्षांची, बारावी झालेली, माहेर धुळ्याकडचं. क्वार्टर मिळालं होतं म्हणून पहिलटकरीण असूनही ती माहेरी आली नाही. सहा आठवड्यांच्या लसी झाल्या, दहा आठवड्यांच्या झाल्या. चौदा आठवड्यांची तारीख २२ एप्रिलला येत होती. बाळाला सर्दी होती म्हणून दोन दिवसांनी जाऊ असं ठरलं, आणि त्याच दुपारी पहलगामचा हल्ला झाला. आठवड्याच्या आत नवऱ्याची तुकडी पुढे हलली. बाई क्वार्टरमध्ये तान्ह्या पोरीला घेऊन एकटी राहिली.

फिरोजपूर म्हणजे सीमेला खेटलेलं गाव. ४ मेच्या रविवारी रात्री नऊ ते साडेनऊ छावणीत दिवे घालवून तालीम झाली. ७ मेनंतर तालमीचं काही उरलं नाही, खराच अंधार सुरू झाला. शेजारच्या दोन कुटुंबांबरोबर ती निघाली. मिळेल त्या गाडीने भटिंडा, तिथून दिल्ली, दिल्लीहून पंजाब मेलने जळगाव. दीर स्टेशनवर उभा होता. सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास. १० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली तेव्हा ती अजून वाटेतच होती, आणि पोरीला पातळ व्हायला त्याच प्रवासात सुरुवात झाली होती.

आशाताईंच्या यादीत हे बाळ नव्हतं. असणार कसं? ते इथे जन्मलेलं नव्हतं, आईची गरोदरपणाची नोंदही इथे नव्हती. आशाताईंना कळलं ते १२ मेच्या संध्याकाळी, गावातल्या मंडळाने जवानाच्या पत्नीचा सत्कार ठेवला तेव्हा. शाल, नारळ, आणि वर बाळासाठी पावडर दुधाचे दोन डबे, दोन बाटल्या. टाळ्या वाजत होत्या. आशाताईंचं लक्ष आजीच्या मांडीवरच्या पोरीकडे होतं. पोरगी रडत होती, पण डोळ्यांत पाणी दिसत नव्हतं. त्यांनी तिथेच आजीला सांगितलं, “मावशी, उद्या सकाळी दवाखान्यात आणायची. मी रिक्षा घेऊन येते.”

पहिला दिवस

१३ मेला सकाळी तपासलं. वजन ५.३ किलो. दोन दिवसांपासून दिवसाला सात-आठ जुलाब, रक्त नाही, ताप नाही. बाळ किरकिरं, डोळे किंचित खोल गेलेले, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती. चमच्याने पाणी लावलं की अधाशासारखं ओढत होतं. म्हणजे जलशुष्कता होती, पण टोकाची नाही. झटके, ग्लानी, काहीच गिळता न येणं यांपैकी एकही लक्षण असतं तर जळगावला पाठवायला क्षणभरही थांबलो नसतो. ती नव्हती, म्हणून केंद्रातच ठेवायचं ठरवलं आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला जवळपास राहायला सांगितलं.

किलोमागे ७५ मिलि या हिशेबाने चार तासांत ४०० मिलि ओआरएस. बाटलीने नाही, वाटी-चमच्याने. आजी आणि सिस्टरने आळीपाळीने पाजलं. झिंकची २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी आईच्या पिळलेल्या दुधात विरघळवून, रोज एक वेळ, चौदा दिवस; सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्रा अर्धीच असते. जुलाब थांबले तरी झिंक थांबवायचं नाही, हे आजीला दोनदा बजावलं, कारण घरोघरी तिसऱ्या दिवशी गोळ्या फळीवर जातात.

सिस्टरने पिशवीतली बाटली काढली. बाहेरून लख्ख. बुचाचं आटं सोडवून रबरी निपल बाहेर ओढलं तर आतल्या कडेला पिवळसर साय घट्ट बसलेली, वास आंबूस. प्रवासात ती कुठे धुतली विचारलं तर आई म्हणाली, “स्टेशनच्या नळावर.” मेच्या उकाड्यात डब्यात बसलेल्या, तीन गाड्या बदललेल्या बाईने दुसरं काय करायचं होतं?

दुपारी दोनच्या सुमाराला पोरीने दुपटं ओलं केलं आणि आम्ही सगळ्यांनीच श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन ५.४५ किलो भरलं. हेच तिचं खरं वजन धरलं आणि पुढचा हिशेब तिथून मांडला.

दूध आटलं म्हणजे काय झालं

आजीचं निदान तयार होतं. “घाबरीसन दूध आटी गयं तिनं, डॉक्टरसाहेब. बाँबना आवाज ऐकी ऐकीसन.” गावातही सगळे हेच म्हणत होते. आईलाही ते पटलेलं होतं, आणि पटणं साहजिक होतं. तिने छाती पिळून दाखवली तेव्हा जेमतेम दोन-चार थेंब आले.

या म्हणण्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खोडायला अवघड जातं. आईच्या शरीरातली दोन संप्रेरकं इथे काम करतात: दूध तयार करायचं काम प्रोलॅक्टिनचं आणि तयार झालेलं दूध बाहेर सोडायचं काम ऑक्सिटोसिनचं. भीती, दुखणं, अपमान, झोप न मिळणं यांनी ऑक्सिटोसिनचा पान्हा अडतो. आतलं दूध मात्र नाहीसं होत नाही. बाळ ओढत राहिलं तर पान्हा पुन्हा फुटतो. पण पान्हा अडला की बाळ चिडतं, आई घाबरते, बाटली येते. बाटलीने पोट भरलं की बाळ कमी ओढतं, आणि मग दूध खरोखरच कमी व्हायला लागतं. म्हणजे भीती सुरुवात करून देते आणि बाकीचं काम बाटली करते.

इथे तर क्रमही उलटा निघाला. कार्ड नव्हतं, पण आईच्या फोनमध्ये एक फोटो होता. दहा आठवड्यांच्या लसीला गेली तेव्हा वजनकाट्यावरच्या पोरीचा तिने फोटो काढून नवऱ्याला पाठवला होता. तारीख २५ मार्च, काट्यावर ४.८५. तिथपासून १४ मेपर्यंत पन्नास दिवसांत वाढ अवघी ६०० ग्रॅम. या वयात महिन्याला निदान अर्धा किलो तरी वाढायला हवं. सिस्टरने खोदून विचारलं, पहिली बाटली कधी दिली? आठवून आठवून उत्तर आलं, नवरा पुढे गेला त्याच आठवड्यात. पोरगी संध्याकाळी फार रडायची, शेजारीण म्हणाली, तुझं पुरत नाही, वरचं दे. म्हणजे एप्रिलअखेर. तोफांच्या आवाजाआधी दहा-बारा दिवस.

डब्याचा हिशेब लावल्यावर उरलेलं चित्रही स्पष्ट झालं. एवढ्या बाळाला अंगावरचं अजिबात नसेल तर दिवसाला साधारण ८०० मिलि दूध लागतं. ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा या डब्यावरच्या मापाने ४०० ग्रॅमचा डबा साडेतीन दिवसही पुरत नाही. महिन्याला आठ-नऊ डबे, एकेक चारशे रुपयांच्या आगेमागे. हिने एक डबा बारा दिवस चालवला होता. अंगावरचं थोडं सुरू होतं हे धरलं तरी बारा दिवस फार झाले. माप कसं घ्यायची ते करून दाखव म्हटलं, तर भरलेल्या बाटलीत दोन चमचे टाकून हलवलं. एकटी बाई, बाजार बंद, पुढचा डबा मिळेल की नाही ठाऊक नाही. पुरवून पुरवून वापरलं. पोरगी पांढरं पाणी पीत होती.

पण सगळ्यात कामाची गोष्ट सिस्टरच्या नजरेने टिपली. १४ मेच्या सकाळी उघड्या पोरीला थंडगार काट्यावर ठेवल्याबरोबर तिने टाहो फोडला, आणि बाजूला उभ्या आईच्या ब्लाऊजवर दोन्हीकडे ओले डाग उमटले. आईला पत्ताही नव्हता. सिस्टर म्हणाली, “हे बघ, आटलं म्हणतेस ना? मग हे काय?” बाईने खाली पाहिलं आणि रडायला लागली. त्यानंतर कुणाला तिला समजावत बसावं लागलं नाही. माझ्या मते व्याख्यानाचे दोन तास वाचले.

पुढचं सगळं चिवटपणाचं काम होतं. बाळ उघड्या छातीला लावून दिवसातून जितका वेळ जमेल तितका ठेवायचं. दर दोन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा, दोन्ही बाजूंना. बाटली घरातून बाहेर. वरचं दूध एकदम तोडलं नाही, कारण इतके दिवस अर्धपोटी राहिलेल्या बाळावर तत्त्वाचा प्रयोग करायचा नसतो. पाच नंबरची फीडिंग ट्यूब आईच्या छातीला चिकटपट्टीने लावली, टोक स्तनाग्रापाशी, दुसरं टोक वाटीत. बाळ छातीला ओढतं, नळीतून मापात केलेलं दूध येतं, आणि ओढण्याने आईचंही वाढतं. सुरुवात दिवसाला ४०० मिलिने केली, मग दर दोन दिवसांनी ५० मिलि कमी. आशाताई रोज सकाळी ओल्या दुपट्यांची मोजदाद घ्यायच्या. सहाच्या खाली आली तर कपात थांबवायची असं ठरलं होतं. एकदा पाचवर आली तेव्हा आम्ही एक पायरी थांबलो.

आजीशी मात्र पाण्यावरून वाजलं. “उन्हाया शे, पोरले घोटभर पानी बी नको का?” मे महिन्यात अमळनेरकडे पारा चाळिशीच्या वर राहतो. त्या वर्षी मधूनच अवकाळीने गारवा आणला होता, तरी पाण्याचा हट्ट सुटला नाही. आईच्या दुधात शेकडा ८७-८८ भाग पाणीच असतं, हे सांगून काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो पिंपाकडे बोट दाखवल्यावर. गावात उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. तोवर पिंपात साठवलेलं, वरून ग्लास बुडवून काढलेलं. “मावशी, हे पाणी तुम्हाला पचतं. हिला नाही पचत, ते परवा बघितलं ना?” सहाणेवर उगाळायची घुटीही त्याच पाण्यात व्हायची. तीही थांबली, जरा रुसून.

आई

पोरीच्या नादात आई सुटू नये म्हणून तिला वेगळी तपासली. हिमोग्लोबिन ९.२, म्हणजे कमी. बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या फिरोजपूरलाच राहिलेल्या, नव्या दिल्या. अंगणवाडी सेविकेने पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर स्थलांतरित स्तनदा माता म्हणून नोंद केली आणि घरी न्यायचा आहार सुरू झाला. खरं पोषण घरातच होतं. कळण्याची भाकर, शेवग्याच्या शेंगा, उडदाची दाळ, आळिवाची खीर. पण घरात पाहुण्यांची रीघ असल्याने ही बाई सगळ्यांचं झाल्यावर दुपारी तीनला जेवत होती. आजीला एवढंच सांगितलं की पोरीला दूध पाजायचं काम एकीचं, पण पाजणारीला वेळेवर ताट द्यायचं काम तुमचं. ते मात्र त्यांनी मनावर घेतलं.

झोप येत नव्हती. लग्नसराईचे दिवस, हळदीला फटाके वाजले की ती बाळाला उचलून कोपऱ्यात जाऊन बसायची. सिस्टरने तिच्याच फोनवरून टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावून दिला. ती बोलली, पुढेही स्वतःहून दोनदा बोलली असं नंतर कळलं.

मंडळाचे डबे

सत्कारातले दोन डबे ही नुसती सुरुवात होती. मंडळाच्या पोरांनी सीमेवरच्या लेकरांसाठी म्हणून वर्गणी काढली होती आणि पंजाबकडे पिकअप भरून पाठवायचा बेत होता. ब्लँकेटं, बिस्किटं, आणि मोठा भाग पावडर दूध व बाटल्या. मारुतीच्या पारावर बसून बोललो. एक जण सरळ म्हणाला, “साहेब, मदत करणं गुन्हा कधीपासून झाला?”

पावडर दुधाच्या बाबतीत १९९३ पासून. शिशुदुग्ध पर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांच्यावरचा जो केंद्रीय कायदा आहे, त्यात अनाथालय सोडून कुणालाही पावडर दूध किंवा बाटली दान करायला, वाटायला बंदी आहे. कंपनीलाच नव्हे, कोणाही व्यक्तीला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरं गप्प झाली, पण कायद्याने गप्प झालेला माणूस पटलेला नसतो. म्हणून इंडोनेशियातल्या जावा बेटावरची गोष्ट सांगितली. मे २००६ मध्ये योग्याकार्ताकडे भूकंप झाला, जगभरातून पावडरचे डबे आले. नंतर पाहणी केली तेव्हा दान आलेलं पावडर दूध मिळालेल्या दोन वर्षांखालच्या मुलांत जुलाबाचं प्रमाण २५ टक्के होतं आणि न मिळालेल्यांत १२ टक्क्यांच्या आत. भूकंप असो की लढाई, पाणी खराब होतं, इंधन नसतं, आणि डबा एकदाच मिळतो. डबा संपेपर्यंत आईचं दूध खरंच कमी झालेलं असतं. मग पुढचा डबा कोण देणार? पंजाबला कशाला जायचं, म्हटलं, तुमच्या गावातलीच पोर बघा.

ज्या बाळाला आईच नाही, किंवा आईला औषधांमुळे पाजता येत नाही, त्याला पावडर लागतेच. तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीने, मापाने, वाटी-चमच्याने आणि बाळ मोठं होईपर्यंत पुरेल अशा सोयीने द्यावी. आम्हीही याच प्रकरणात डबा वापरलाच की. पावडरीशी माझं वैर नाही. ट्रकभर आणून कुणालाही वाटायला माझा विरोध आहे.

सीलबंद डबे मेडिकलवाल्याने परत घेतले, हा त्याचा चांगुलपणा. ते पैसे आणि उरलेली वर्गणी जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला जमा झाली. दोन पोरांचा रुसवा राहिला तो राहिला.

सायरनच्या यादीत बाळ

त्याच महिन्यात, ७ मेला, देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली होती. यादीत आमच्या खानदेशातून भुसावळ होतं. केंद्राने राज्यांना पाच गोष्टी सांगितल्या होत्या: हवाई हल्ल्याचे सायरन, नागरिकांना प्रशिक्षण, दिवे घालवायची सोय, महत्त्वाचे कारखाने झाकणं, आणि स्थलांतराच्या आराखड्याची उजळणी. पाचही रास्त. पण स्थलांतराच्या आराखड्यात तान्ही बाळं कुठे बसतात, हे आमच्या पातळीवर कुणी विचारलं नाही, आणि आमच्यापैकीही कुणी आपणहून मांडलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हाच प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवून पाहिला. आधी विषारी वायूच्या भीतीने तान्ह्या बाळांसाठी हातपंपाने हवा भरायची शिरस्त्राणं वाटली. वायुहल्ला शेवटपर्यंत झालाच नाही. दुसरीकडे जुलै १९४० पासून गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांना रोज साधारण अर्धा लिटर दूध स्वस्तात, गरिबांना फुकट मिळू लागलं. डिसेंबर १९४१ पासून कॉड माशाचं तेल आणि फळांचा रस, शिवाय घटसर्पाच्या लसीची मोठी मोहीम. इंग्लंड-वेल्समध्ये १९४१ साली हजार जन्मांमागे ६० बाळं पहिल्या वर्षात दगावत होती. १९४५ मध्ये ४६. सगळं श्रेय दुधाचं म्हणता येणार नाही, पण बाँब पडत असताना आकडा खाली आणता येतो, एवढं त्यातून दिसतं.

अमेरिकेने १९४३ मध्ये कमी पगाराच्या सैनिकांच्या बायकांची बाळंतपणं आणि बाळाचं पहिलं वर्ष सरकारी खर्चावर घेतलं. ऐन भरात देशातल्या दर सात जन्मांपैकी एक त्या योजनेत होता. तेव्हा नवऱ्यांच्या छावण्यांमागे फिरणाऱ्या, ओळखीचा डॉक्टर नसलेल्या पोरसवदा बायका, हेच त्या योजनेचं कारण होतं. आपल्याकडे लष्करी दवाखाने उत्तम आहेत आणि गावोगाव आरोग्य केंद्रंही आहेत. जवानाची बायको एकातून निघून दुसऱ्यात पोचेपर्यंतच्या मधल्या फटीत ती कुणाचीच नसते. हे बाळ त्या फटीत तीन आठवडे होतं.

कार्डाशिवाय लसीकरण

कार्ड क्वार्टरच्या कपाटात, क्वार्टरला कुलूप. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत आईच्या नंबराने शोधलं तर जन्माच्या आणि सहा आठवड्यांच्या लसी दिसल्या, दहा आठवड्यांची जागा कोरी. अशा वेळी दोन चुका होतात: सगळं पहिल्यापासून सुरू करणं, किंवा कार्ड मिळेपर्यंत थांबणं. थांबणं जास्त महागात पडतं. गाझात ऑगस्ट २०२४ मध्ये, पंचवीस वर्षांनी, पोलिओने पाय गेलेलं पहिलं बाळ सापडलं. दहा महिन्यांचं, लस न मिळालेलं. त्यानंतर लढाईला तासातासांचे विराम घेऊन तिथे मुलांना थेंब पाजावे लागले.

सिस्टरने पोरीच्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा (क्षयावरच्या लसीचा) व्रण बघितला आणि आईला कार्डाबद्दल न विचारता सुयांबद्दल विचारलं. पहिल्या वेळी किती टोचल्या? “तीन. दोन्ही मांड्यांत आणि उजव्या दंडावर.” दुसऱ्या वेळी? “एकच, डाव्या मांडीत. आणि तोंडात थेंब.” सिस्टर हसली. सहा आठवड्यांना डाव्या मांडीत पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची लस) आणि उजव्या दंडात कातडीत पोलिओची सुई असते. दहा आठवड्यांना सुई एकच, पेंटाची. आईला लसींची नावं ठाऊक नव्हती, तरी वेळापत्रक तिने बरोबर सांगितलं होतं. काट्यावरच्या फोटोची २५ मार्च ही तारीखही जुळत होती. दहा आठवड्यांचा डोस झालेला धरला आणि तशी नोंद केली.

जुलाब पूर्ण थांबल्यावर पुढच्या सत्राला चौदा आठवड्यांचे सगळे डोस एकाच दिवशी दिले: पेंटा, तोंडावाटे पोलिओ, रोटा (जुलाबावरची लस), पोलिओची सुई, न्यूमोकोकल. एकाच वेळी तीन सुया बघून आजीने तोंड फिरवलं. आईने बाळ छातीला लावूनच टोचून घेतलं, त्यामुळे रडणं लवकर आवरलं.

पुढे

२१ मेला वजन ५.६, २८ मेला ५.८. वरचं दूध मे संपता संपता बंद झालं. ११ जूनला ६.२. सहा महिने पुरे झाले त्या दिवशी, १४ जुलैला, ६.९५ किलो भरलं आणि मऊ खिचडीचा पहिला घास दिला गेला. नवऱ्याचा फोन मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून नियमित यायला लागला होता.

ऑगस्टमध्ये परत जायचं ठरत होतं, तेवढ्यात सतलजला पूर आला आणि फिरोजपूर जिल्ह्यातली गावं पाण्याखाली गेली. जाणं पुन्हा लांबलं. त्यामुळे नऊ महिन्यांच्या लसीही १४ ऑक्टोबरनंतरच्या सत्रात आमच्याच उपकेंद्रात झाल्या: गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओची तिसरी सुई आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. दिवाळी करून ती गेली. नवं कार्ड तिच्या पर्समध्ये, एक झेरॉक्स नवऱ्याच्या ट्रंकेत, एक आमच्याकडे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर मे २०२६ नंतर तिकडेच द्यायचा आहे. सिस्टरने त्या महिन्याच्या पानावर फोन नंबर लिहून ठेवला आहे.